संकल्पाचा तक्ता मुलाच्या हाती देण्यापूर्वी

प्रति,
प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि पालक-शिक्षक संघांचे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

माझी दोन मुले प्राथमिक शाळेत आहेत; मुलगी चौथीत आणि धाकटा मुलगा दुसरीत. गेल्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात धाकट्याच्या दप्तरातून एक तक्ता घरी आला. वर 'नव्या वर्षाचे माझे आरोग्यसंकल्प' असे सुबक अक्षरांत छापलेले, डाव्या बाजूला आठ संकल्प आणि प्रत्येकापुढे तीस चौकोन. संकल्प पाळला त्या दिवशी मुलाने चौकोनात तारा काढायचा, महिनाअखेरीस तक्ता वर्गात दाखवायचा आणि सर्वाधिक तारे मिळवणाऱ्याला बक्षीस, अशी योजना होती. ती आखणाऱ्या शिक्षिकेचा हेतू चांगला होता याविषयी मला शंका नाही, आणि हे पत्र त्यांच्याविरुद्धची तक्रार म्हणून लिहिलेले नाही. असे तक्ते अनेक शाळांतून घरोघरी जातात, येत्या जानेवारीतही जातील, म्हणून ते छापायला जाण्यापूर्वी आपल्याशी थोडे बोलावे असे वाटले.

तिसऱ्या की चौथ्या रात्री मुलगा पेन्सिल घेऊन माझ्यापुढे येऊन उभा राहिला. यादीतला पहिला संकल्प 'मी रात्री लवकर झोपेन' असा होता. दहा वाजून गेले होते, माझे स्वयंपाकघर आवरायचे राहिले होते, बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता आणि त्याच खोलीत त्याचे अंथरूण असते. "मला झोप आली होती, पण तुम्ही सगळे जागे होता. मग तारा काढू की नको?" असे त्याने विचारले. मला उत्तर देता आले नाही. तो चौकोन रिकामा राहिला, आणि जे त्याच्या हातात नव्हते त्याचा हिशेब त्याच्या नावावर मांडला गेला.

नंतर मी तो तक्ता पुन्हा नीट वाचला. लवकर झोपणे, रोज फळे व भाज्या खाणे, गोड कमी खाणे, मोबाइल कमी पाहणे, रोज मैदानी खेळ खेळणे, दोन वेळा दात घासणे, जेवणापूर्वी हात धुणे, सकाळी वेळेवर उठणे. यांपैकी सहा-सात वर्षांच्या मुलाने स्वतःच्या बळावर पाळता येण्यासारखे फार तर दोन. घरात काय शिजते, बाजारातून काय येते, दिवे कधी मालवतात, मुलाला मैदानावर कोण घेऊन जाते, हे सारे आम्ही मोठी माणसे ठरवतो. म्हणून माझी मुख्य विनंती एवढीच आहे, की नव्या वर्षाचा आरोग्यसंकल्प मुलाकडून न मागता घराकडून मागावा, आणि तोही एका वेळी एकच मागावा.

तो एक कोणता, हे ज्या त्या घराने ठरवावे. माझे मत विचाराल तर झोपेपासून सुरुवात करावी, कारण बाकीच्या बऱ्याच सवयी तिच्या आधाराने उभ्या राहतात. अमेरिकेतील झोपविषयक तज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप नियमितपणे मिळायला हवी. हा आकडा वाचून आपण मान डोलावतो. घड्याळ उलटे फिरवून हिशेब मात्र क्वचितच करतो. समजा, मुलाला सकाळी साडेसहाला उठायचे आहे आणि त्याची गरज दहा तासांची आहे. मग साडेआठला त्याचा डोळा लागलेला असायला हवा. अंथरुणावर पडल्यापासून झोप लागेपर्यंत वीस मिनिटे धरली, तर आठ वाजून दहा मिनिटांनी दिवा मालवला पाहिजे. दात घासणे, कपडे बदलणे, दप्तर भरणे आणि एखादी गोष्ट वाचून दाखवणे यांना चाळीस मिनिटे धरली, तर साडेसातला जेवण उरकलेले हवे. ज्या घरात कमावती माणसे आठ वाजता दारात पाऊल ठेवतात, तिथे 'मी लवकर झोपेन' हे वाक्य मुलाच्या हस्ताक्षरात लिहून घेऊन काय साधणार? तिथे ठरवायला हवे ते वेगळेच: मुलांनी आधी जेवायचे का, मोठ्यांनी आल्यावर निदान पंधरा मिनिटे त्यांच्यापाशी बसायचे का, आणि दिवे कधी मंद करायचे.

दिव्यांचा मुद्दा किरकोळ नाही. अंधार पडू लागला की मेंदूत मेलाटोनिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढू लागते आणि शरीर झोपेची तयारी करते. लहान मुलांच्या डोळ्यांतील बाहुल्या मोठ्या आणि भिंगे अधिक पारदर्शक असतात, त्यामुळे संध्याकाळनंतरच्या प्रखर उजेडाने ही तयारी मोठ्यांपेक्षा त्यांच्यात जास्त बिघडते. ज्या खोलीत आपल्याला आठ वाजता कंटाळा येऊ लागतो, त्याच खोलीत त्याच दिव्याखाली मूल टक्क जागे असते आणि 'याला झोपच येत नाही' असा शेरा आपण मारतो. अपुऱ्या झोपेचे मूल दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगेलच असेही नाही. उलट ते चुळबुळ करते, लगेच रडकुंडीला येते, भांडते, सांगितलेले ऐकत नाही. आपल्यासारख्या अनुभवी शिक्षकांना हे मी सांगण्याची गरज नाही. तरीही असे मूल दिसले की त्याच्या वागणुकीविषयी चिठ्ठी लिहिण्याआधी ते रात्री किती वाजता झोपते हे एकदा विचारावे, असे सुचवावेसे वाटते. सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास उशिरा उठून आठवड्याची भरपाई करायचा मार्गही आम्ही पालकांनीच रूढ केलेला आहे; त्याने शरीराचे घड्याळ पुढे सरकते आणि पुन्हा शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी सगळे घर धुमसत असते.

यात शाळेचाही वाटा आहे, आणि तो स्पष्ट सांगितला नाही तर हे पत्र एकतर्फी होईल. रात्री साडेनऊला वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर 'उद्या रंगीत कागद, डिंक आणि रिकामी खोकी आणावीत' असा निरोप येतो, तेव्हा झोपी गेलेले घर पुन्हा जागे होते. कोणी खोकी शोधायला माळ्यावर चढतो, कोणी शेजाऱ्यांचे दार वाजवतो, आणि ज्याच्यासाठी हे चालले आहे ते मूल अंथरुणातून उठून मधोमध उभे असते. संध्याकाळी सहानंतर दुसऱ्या दिवसासाठीचा कोणताही निरोप पाठवायचा नाही, एवढा एक नियम शाळेने स्वतःसाठी केला, तर झोपेचा एक संकल्प शाळेच्या नावेही लिहिता येईल. रोजच्या गृहपाठाविषयीही असेच. पहिली-दुसरीच्या मुलाला जेवणानंतर बसून पूर्ण करावा लागेल इतका गृहपाठ झोपेच्या वाट्यातूनच वजा होतो.

आता त्या तीस चौकोनांविषयी. एकवीस दिवसांत सवय जडते असे सर्रास सांगितले जाते. त्याचा उगम बहुधा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये नोंदवलेल्या एका निरीक्षणात आहे: बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असे त्याने लिहिले होते. त्यातला 'किमान' पुढे गळून पडला आणि चेहऱ्याच्या जागी सगळ्याच सवयी आल्या. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी कृती निवडायला सांगून तिचा बारा आठवडे मागोवा घेतला. कृती आपोआप होऊ लागायला लागणारा काळ साधारणपणे ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसांतला अंदाजित फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. हे सहभागी प्रौढ होते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे मुलांना लावू नयेत. पण त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: एखाद्या दिवशी कृती चुकली म्हणून सवय जडण्यात लक्षणीय फरक पडला नाही. आपला तक्ता या दोन्ही बाबतींत उलटा चालतो. सवय जेमतेम रुजू लागते तिथे, म्हणजे तिसाव्या दिवशी, तो संपतो. आणि चुकलेला एक दिवस रिकाम्या चौकोनाच्या रूपाने महिनाभर डोळ्यांसमोर ठेवतो. आमच्या घरी सलग चार चौकोन रिकामे गेल्यावर मुलाने तक्ता कपाटाच्या मागे टाकून दिला. तो आळशी होता म्हणून नव्हे. त्याला ते बघवेना.

बक्षिसाचा प्रश्न याहून नाजूक आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्रे काढण्याची मुळात आवड असलेल्या बालवाडीतील मुलांपैकी काहींना 'चित्र काढलेत तर प्रमाणपत्र मिळेल' असे आधी सांगितले होते. त्या प्रमाणपत्रावर सोनेरी तारा आणि फीतही होती. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिले, तेव्हा ही मुले इतरांच्या निम्माच वेळ चित्रांवर घालवत होती. ज्यांना प्रमाणपत्र न सांगता, अनपेक्षितपणे मिळाले होते, त्यांची आवड मात्र टिकून होती. प्रत्येक तारा घातकच असतो असा याचा अर्थ नाही, आणि दात घासण्यासारख्या मुळातच कंटाळवाण्या कामाला सुरुवातीला थोडे आमिष दाखवले तर बिघडत नाही. पण धावणे, खेळणे, झाडावर चढणे या मुलांच्या आपणहून आवडीच्या गोष्टी आहेत. त्यांना ताऱ्यांची किंमत चिकटवण्याचे काय कारण? शिवाय 'सर्वाधिक तारे' ही स्पर्धा मुलांची राहतच नाही. ज्या घरात दुपारी माणूस असते, अंगण असते, स्वतंत्र खोली असते, त्या घराचा तक्ता भरतो. आईवडील पाळ्यांमध्ये काम करतात, किंवा घरात एकच पालक आणि एकच खोली आहे, तिथल्या मुलाचा तक्ता अर्धा राहतो, आणि तो अर्धा तक्ता त्याला वर्गासमोर धरावा लागतो.

खाण्याविषयी लिहिताना मी थोडी सावध आहे, कारण या विषयावर प्रत्येक घरात आधीच पुष्कळ बोलले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ६ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान ३५० ग्रॅम फळे व भाज्या असे प्रमाण दिले आहे. वरून घातलेली साखर दिवसाकाठी २५ ग्रॅमच्या, म्हणजे सुमारे सहा चमच्यांच्या आत असावी, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी २०१६ मध्ये सुचवले. हे आकडे पालकांनी बाजारातून सामान आणताना आणि वेष्टनावरची माहिती वाचताना वापरायचे आहेत. मुलाच्या ताटाशेजारी बसून मोजण्यासाठी ते नाहीत. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी मांडलेली कामाची वाटणी मला पटते: काय वाढायचे, केव्हा आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवावे, त्यातले खायचे की नाही आणि किती, हे मुलाने ठरवावे. नव्या चवीला मूल पहिल्यांदा नकार देते ते बहुधा अनोळखीपणामुळे. तीच गोष्ट आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा, जबरदस्ती न करता थोडी थोडी समोर आली की अनेक मुले ती स्वीकारतात. बहुतेक घरे तिसऱ्या-चौथ्या नकारालाच 'हिला हे आवडत नाही' असा कायमचा निकाल देऊन मोकळी होतात. मीही दिला आहे, आणि मुलीने तो पुढे पाहुण्यांसमोर अभिमानाने वाचून दाखवला आहे.

म्हणून काही तक्त्यांत असणारी 'डबा पूर्ण संपवला तर तारा' ही अट कृपया काढून टाकावी. पोट भरल्याची जाणीव मुलाला स्वतःला होत असते. ती दाबून शेवटचा घास गिळायला शिकवणे आरोग्याच्या सवयींत बसत नाही. वर्गात चांगले उत्तर दिल्याबद्दल गोळी किंवा चॉकलेट देण्याची पद्धतही थांबावी, कारण बक्षीस म्हणून जे मिळते तेच मुलाला अधिक प्रिय होते. आणि एक साधी गोष्ट तपासून पाहावी: रांग, हात धुणे आणि डबा उघडणे यांतून मुलांना प्रत्यक्ष खायला किती मिनिटे उरतात? माझ्या मुलाने सांगितलेला आकडा सात होता. तो घड्याळ नुकतेच शिकला आहे, तेव्हा पाच-सहा मिनिटे इकडेतिकडे झाली असतील असे धरू; तरीही ती पुरेशी नाहीत.

खेळाच्या बाबतीत पालकांपेक्षा शाळेच्या हाती जास्त आहे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते दमवणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ही साठ मिनिटे एकदम व्हायला हवीत असेही नाही. बाहेरच्या उजेडाचा आणखी एक फायदा चीनमधील ग्वांगझू शहरातील बारा शाळांत दिसला. तिथे निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा मैदानी तास जादा दिला. तीन वर्षांनंतर या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना, तर नेहमीच्या वेळापत्रकातील मुलांपैकी ३९.५ टक्क्यांना लघुदृष्टिदोष, म्हणजे लांबचे अस्पष्ट दिसण्याचा दोष, जडलेला आढळला. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शाळेत दंगा केला म्हणून खेळाचा तास काढून घेतात, किंवा मागे पडलेले गणित त्या तासात भरून काढतात, तिथे 'मी रोज खेळेन' हा संकल्प मुलाकडून लिहून घेणे मला विसंगत वाटते. शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी मधली सुट्टी हिरावून घेऊ नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच म्हटले आहे. दंगा करणाऱ्या मुलालाच खरे तर मैदानाची गरज अधिक असते.

मोबाइलविषयी थोडक्यात. बालरोगतज्ज्ञांच्या याच संघटनेने २०१६ मध्ये सहा वर्षांपुढील मुलांसाठी तासांचा एकच सरसकट आकडा न देता, प्रत्येक कुटुंबाने आपली सुसंगत मर्यादा ठरवावी आणि पडद्याने झोप, खेळ व एकत्र वेळ यांची जागा घेऊ नये, असा सल्ला दिला. मर्यादा कुटुंबाची म्हटली, की त्यात आमचे मोबाइलही आले. जेवताना सर्वांचे फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचे, हा नियम आमच्या घरी सर्वांत जास्त वेळा मोडणारी व्यक्ती हे पत्र लिहीत आहे.

दात आणि हात या दोन गोष्टी मुलांच्या आवाक्यातल्या आहेत, तरी त्यातही मोठ्यांची सोबत लागते. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्या जागी कोणताही दात पडलेला नसल्यामुळे ती आलेली अनेकांना कळत नाही, आणि मूलही घाईत ब्रश तिथपर्यंत नेत नाही. ही दाढ जन्मभर पुरवायची असते. त्यामुळे सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचे दात घासताना कोणीतरी शेजारी उभे राहून दोन मिनिटे पाहावे, हे तक्त्यावरच्या तिसाहून अधिक ताऱ्यांच्या तोडीचे आहे. हातांबाबत शाळेकडे मागणे एकच: नळापाशी साबण असावा आणि तो संपला की त्याच दिवशी नवा यावा.

तर येत्या जानेवारीत दप्तरातून काय पाठवावे? माझी सूचना अशी, की एक कोरा कागद पाठवावा. त्यावर 'आमच्या घरातील एक बदल' एवढेच छापलेले असावे आणि खाली घरातील सर्वांच्या सह्यांसाठी जागा असावी. तो कागद शाळेत परत मागवू नये, वर्गात दाखवायला सांगू नये, त्याला गुण वा तारे देऊ नयेत. सोबत वर सांगितलेला घड्याळाचा उलटा हिशेब छापून दिला, तर पुष्कळ पालकांना त्याचा उपयोग होईल. मार्चच्या मध्यावर पालकसभेत दहा मिनिटे यासाठी ठेवावीत, ज्यांना सांगावेसे वाटेल त्यांनी सांगावे, आणि ज्यांचे जमले नाही त्यांनाही ते संकोच न बाळगता म्हणता यावे. त्याच वेळी शाळेनेही आपला एक बदल, आपल्या सहीनिशी, सूचनाफलकावर लावावा.

आमच्या घरी असा कागद तीन महिन्यांपूर्वी लागला. 'रात्री आठनंतर बाहेरच्या खोलीतला मोठा दिवा आणि टीव्ही बंद' एवढी एकच ओळ त्यावर आहे आणि खाली चौघांच्या सह्या आहेत. धाकट्याने आपले पूर्ण नाव लिहिल्यामुळे त्याची सही सर्वांत लांब झाली आहे. आजवर अकरा रात्री नियम मोडला. याची नोंद तोच ठेवतो, आम्ही सांगितलेले नसताना, आणि त्याच्या नोंदीप्रमाणे त्यातल्या नऊ रात्री आईबाबांच्या नावावर आहेत.

आपली विश्वासू,
प्राथमिक शाळेतील दोन मुलांची आई